नाणे टाकसाळीत चुकले की खिशात खराब झाले?



पेरणीच्या तोंडावर अकोला जिल्ह्यातले एक ओळखीचे शेतकरी रुमालात बांधलेला रुपया घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, यावर जास्तीची रेघ आहे. फोनवरचा माणूस दोन लाख देतो म्हणते, पण आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा म्हणते." बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातून ते ही रक्कम देणार होते.

मी रेघेवरून नख फिरवले. नख खाचेत अडकले. तो साधा ओरखडा होता.

टाकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात आणि दोन पोलादी ठशांमध्ये दाबून त्यांवर छाप उठवतात. या कामात जे बिघडते, ती खरी चूक. पुढे बाजारात, खिशात, मातीत जे होते, ती नुसती इजा.

विटांचा साचा तडकला की विटेवर उंच रेघ उठते. तयार वीट खरचटली तर रेघ खोल जाते. नाण्याचेही तसेच. ठसा तडकल्याची रेघ नेहमी उंच असते. मात्र अशी बारीक रेघ पुष्कळ नाण्यांवर सापडते, तिला मोल थोडेच.

वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या कापावर चढली, तर पुरीला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. चकतीही अशी कापली जाते. तेव्हा तिच्या बरोबर समोरची कडही बहुधा पुसट उठते. कड कानशीने घासलेली असेल तर तिथे ओरखडे दिसतात. छाप एका बाजूला सरकून दुसरीकडे कोरी जागा राहिली, तर तीही खरी चूक.

काळे डाग, गंज, झिजलेला छाप, ठोकून चपटे झालेले नाणे यांना चूक म्हणू नये. सालाखालची खूणही चूक नव्हे. चौकट मुंबईच्या टाकसाळीची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा; कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

नाणे वेगळे वाटले तर चिंचेने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. जाणकार संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. विकण्यासाठी आधी पैसे मात्र कोणालाही देऊ नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण फी वा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

आमच्या पाहुण्यांचे दोन हजार शेवटी बियाण्यालाच लागले. रुपयाचा त्यांनी चहा घेतला नाही एवढेच. तो अजून रुमालात आहे.