टिपण खिशात घेऊन

शुक्रवार, रात्री ९

शनिवारचं खरं काम शुक्रवारी रात्री होतं, म्हणून दिनक्रम इथूनच सांगायला हवा. उद्या क्लॅकमस नदीच्या काठाने वर जायचं आहे. ओरेगॉनमधलं एस्टाकाडा गाव मागे पडलं की थोड्याच वेळात फोनची रेंज जाते. तिथे जिओकॅश शोधायच्या तर लागणारी सगळी माहिती आज रात्रीच जीपीएस यंत्रात भरलेली हवी.

जिओकॅश म्हणजे कुणीतरी रानात, बागेत किंवा गावात लपवलेला डबा. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात, ते घेऊन आपण शोधायला निघायचं. डब्यात एक नोंदवही असते. सापडला की तीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथेच परत ठेवायचा.

खेळाच्या संकेतस्थळावर मी पॉकेट क्वेरी लावतो, म्हणजे हव्या त्या कॅशची यादी मागवतो. एका क्वेरीत जास्तीत जास्त १,००० कॅश मिळतात, पण मला तेवढ्या नकोत. शोधाची आणि वाटेची अवघडता १ ते ५ अशा दोन मापांत दिलेली असते. सध्या अण्णा आमच्याकडे आले आहेत आणि त्यांचा गुडघा उताराला कुरकुर करतो, म्हणून वाटेची अवघडता अडीचच्या वर नको. तात्पुरत्या बंद असलेल्या गाळल्या. हाती येते ती जीपीएक्स फाइल. जुन्या एलओसी फाइलीत नाव आणि अक्षांश-रेखांश एवढंच असायचं. जीपीएक्समध्ये लपवणाऱ्याने लिहिलेलं वर्णन, इशारा, डब्याचा आकार, गाडी लावायची जागा आणि आधी येऊन गेलेल्यांच्या शेवटच्या पाच नोंदी असतात. कागदावर छापून नेणं सुटलं ते या फाइलीमुळे. तिचा उपयोग करून घेणारी यंत्रं मागाहून आली.

अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले. सातारा जिल्ह्यात त्यांनी भूकरमापक म्हणून नोकरी केली, त्यामुळे अक्षांश-रेखांशांचा आकडा दिसला की ते चष्मा पुसतात.

"अरे, हे तू मूळ टिपणाची नक्कलच काढून घेतो आहेस," ते म्हणाले. "मोजणीला निघताना आम्ही तेच करायचो. टिपण नसेल तर गड्या, शेतात उभं राहून करणार काय? बांध तर रोज सरकतो."

"बरोबर आहे अण्णा. फक्त तुमचं टिपण सरकारने केलेलं असायचं. हे अनोळखी लोकांनी लिहिलेलं आहे."

"मग ते नीट वाच आधी."

तेच करतो. यंत्र केबलने संगणकाला जोडलं की पेन ड्राइव्हसारखं उघडतं. मागच्या वेळच्या फाइली काढून टाकतो, नवी फाइल जीपीएक्सच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि एकेका कॅशच्या शेवटच्या पाच नोंदी वाचायला घेतो. लागोपाठ तिघांना डबा सापडला नसेल तर तो बहुधा जागेवर नाही, उद्याच्या यादीतून बाद. कुणी वही भिजल्याचं लिहिलं असेल तर कोरड्या कागदाची गुंडाळी बरोबर घ्यायची. कोड्याच्या कॅशमध्ये जाहीर केलेला बिंदू खरा नसतो, कोडं सोडवून निघालेला बिंदू फाइलीत हाताने घालावा लागतो. या वाचनाला दीड तास जातो आणि मला तो वेळ फार प्रिय आहे.

शनिवार, पहाटे ५:३०

एए मापाच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या यंत्रात, चार डबीत. बॅटरीचा प्रकार सेटिंगमध्ये बदलून द्यावा लागतो, नाहीतर ती किती उरली हे यंत्र चुकीचं दाखवतं. नव्या बॅटऱ्या घातल्या की होकायंत्रही जुळवून घ्यायचं. यंत्र हातात धरून तिन्ही दिशांनी सावकाश फिरवायचं, बस्स. बाहेर पाऊस भुरभुरतो आहे. मे महिन्यातलं हे इथलं नेहमीचं हवामान.

माझं यंत्र गार्मिनचं ओरेगॉन ४५०, चांगलं जुनं. सहकारी विचारतात, फोनवर सगळं असताना हे कशाला? फोनवरही यादी आधी उतरवून ठेवता येते, हे खरं आहे. पण या यंत्राचा पडदा बोटाच्या दाबावर चालतो, ओल्या हातमोज्यानेही. बॅटरी संपली की अर्ध्या मिनिटात दुसरी जोडी. खडकावर पडलं, डबक्यात पडलं, तरी चालू राहतं. आणि फोन भरलेला राहतो, तो अडचणीच्या वेळेसाठी.

६:४५

गाडीत अण्णांना कागदाचे दिवस सांगतो. मी सुरुवात केली तेव्हा प्रत्येक कॅशचं पान छापून काढायचो. ती पानं खणाखणांच्या फाइलीत, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीत तरीही पाणी. इंकजेटची शाई पहिल्या तासात निळ्या डागांची व्हायची. इशारा छापलेला असायचा तो सांकेतिक. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं, आणि शेजारी उलगडा करायची दोन ओळींची किल्ली. झाडाखाली उकिडवं बसून पेन्सिलीने अक्षर-अक्षर सोडवायचं. त्यात मजा होती, नाही म्हणणार नाही.

पुढे पाम हा खिशातला संगणक आला. कॅशमेट नावाच्या प्रोग्रॅममध्ये वर्णनं भरायची आणि पिवळ्या ईट्रेक्स जीपीएसमध्ये आकडे. दोन यंत्रं, दोन हात, काठी धरायला हात नाही. २००८ साली गार्मिनचं कोलोरॅडो आलं, त्याच वर्षी ओरेगॉन मालिका, आणि आकडे-मजकूर एका पडद्यावर आले. कागद वाचला हे ठीकच आहे, पण मला मोठी गोष्ट वेगळी वाटते. पूर्वी छापलेल्या पंधरा पानांपलीकडे जाता येत नसे. आता वाट बंद निघाली तर उभ्या जागी जवळची दुसरी कॅश निवडता येते आणि तिचंही सगळं टिपण हातात असतं. दिवस आपला राहतो.

८

पहिला थांबा बीव्हरक्रीकजवळ, उ. ४५° १७.४६०′, प. १२२° २४.८००′. या खेळाचा जन्म इथला. नागरी जीपीएसच्या संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ती मिसळ बंद केली गेली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी इथे एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. माइक टीग यांना ती सर्वांत आधी सापडली. पुढे गवत कापायच्या यंत्राखाली बादली गेली, दाण्यांचा डबा तेवढा वाचला. आता त्या जागी एक स्मरणफलक आहे आणि एक कॅश.

अण्णा फलकापुढे बराच वेळ उभे राहिले. मी यंत्रावरचं वर्णन त्यांना मराठीत सांगत गेलो. त्यांनी विचारलं, "शेवटचे तीन आकडे कशाचे?"

मिनिटाचे हजारावे भाग. अक्षांशाच्या बाजूने एक हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, आणि ४५ अंशांवर रेखांशाच्या बाजूने साधारण १.३ मीटर. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं आणि मान डोलावली. वहीत त्यांनी देवनागरीत सही केली.

९:४५

मिलो मॅकायव्हर स्टेट पार्क, एस्टाकाडाच्या अलीकडे, नदीच्या वळणावर. डग्लस फरची उंच झाडं, खाली तलवारीच्या पात्यासारख्या पानांचं नेचं. इथे यंत्राच्या मर्यादा दिसतात. दाट फांद्यांतून आणि ओल्या खोडांवर आपटून उपग्रहांचे संकेत वाकडे येतात. बाण उजवीकडे चौदा मीटर म्हणतो, दोन पावलं टाकली की डावीकडे नऊ. नवखा माणूस त्या बाणामागे गोलगोल फिरतो. अशा वेळी यंत्र खिशात घालायचं आणि डोळे वापरायचे.

"चूक केवढी म्हणालास?" अण्णा.

"इथे सात-आठ मीटर, कधी दहा."

"म्हणजे एक साखळी." त्यांची शंकू साखळी ३३ फुटांची, दहा मीटरला जेमतेम तीन बोटं जास्त. "मग एका साखळीच्या आतच बघायचं. मध्ये उभा राहा तू."

मी मध्ये उभा, ते भोवताली. आकार लहान असं वर्णनात आहे, म्हणजे दारूगोळ्याचा मोठा लोखंडी डबा नव्हे, हातात मावेल एवढी बरणी. मागच्या नोंदींपैकी एकीत "गुडघ्याच्या उंचीवर" असे शब्द आहेत. जमिनीवरच्या ओंडक्यांकडे बघायचंच नाही, एवढं त्या दोन शब्दांनी ठरलं. अण्णांनी एका जुन्या बुंध्याच्या फटीत सालीचा तुकडा उलटा बसलेला पाहिला. सालीची आतली बाजू बाहेर होती. चाळीस वर्षं हद्दीचे दगड कुणी हलवले ते ओळखणाऱ्या माणसाला हे दिसणारच. त्यामागे बरणी.

यंत्रावर "सापडली" दाबलं आणि चार शब्दांची टीप लिहिली: साल, फट, वही कोरडी. लांबलचक लिहीत बसायचं नाही. रात्री आठवायला चार शब्द पुरतात.

१२:१५

पिकनिकच्या बाकावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधला चहा. आडोशाला पाऊस लागत नाही.

१:१०

महामार्ग २२४ ने वर. फोनची रेंज गेली. सप्टेंबर २०२० च्या रिव्हरसाइड वणव्यात हा सगळा पट्टा जळला, सुमारे १,३८,००० एकर. रस्ता बराच काळ बंद होता. काळे सरळसोट बुंधे दोन्ही अंगांना उभे आहेत, खाली हिरवं नव्याने फुटतं आहे. जळालेली झाडं वाऱ्यात न सांगता पडतात, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

यादीत इथल्या दोन कॅश आहेत. पहिलीच्या नोंदी वणव्यानंतरच्या आहेत, म्हणजे कुणीतरी नवा डबा ठेवला. गाडीपासून शंभर पावलांवर, खडकाच्या कुशीत, मिळाली. दुसरीच्या वर्णनात लपवणाऱ्याने स्पष्ट लिहिलं आहे की वारा असेल तर उतरू नका. वारा आहे. अण्णा म्हणाले, "सांगितलंय ना त्याने? मग झालं." यंत्रावर "प्रयत्न केला नाही" अशी नोंद करून आम्ही वळलो. हा सल्ला रेंज नसलेल्या जागी, नेमक्या क्षणी, हातात होता. नुसते आकडे घेऊन आलो असतो तर उतरलो असतो.

३:३०

परतीच्या वाटेवरची एक सापडली नाही. अर्धा तास हिमालयन ब्लॅकबेरीच्या काट्यांत. इशारा बघायला आता पेन्सिल लागत नाही, एक बोट टेकवलं की उलगडतो. मी तो शेवटपर्यंत उघडत नाही, आज उघडला: "कुंपणाचा खांब". खांब होता, डबी नव्हती, तिची तार तुटून लोंबत होती. "सापडली नाही" दाबलं, टिपेत "तार तुटली".

५:२०

एस्टाकाडात शेवटची, पुलाजवळ. येणारे-जाणारे बघत होते म्हणून अण्णांनी नदीचे फोटो काढण्याचा बहाणा केला आणि मी चुंबकाची डबी काढली.

रात्री ८:४५

जेवणं झाली. यंत्र संगणकाला जोडलं. दिवसभराचे प्रयत्न जिओकॅश-व्हिजिट्स या छोट्या मजकूर फाइलीत साठलेले असतात: कॅशचा क्रमांक, वेळ, निकाल, टीप. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. उन्हाळ्यात ओरेगॉन तिच्या सात तास मागे, त्यामुळे ५:२० ची नोंद फाइलीत रविवारची दिसते. बावरायचं नाही, साइटवर चढवली की शनिवारचीच होते. तिथे त्या कच्च्या नोंदी म्हणून उभ्या राहतात आणि एकेक उघडून पूर्ण करायच्या असतात.

पुष्कळ लोक इथे सगळ्यांना एकच ओळ चिकटवतात, "धन्यवाद, सापडली". मला ते खटकतं. यातली प्रत्येक नोंद पुढच्या क्वेरीतून कुणाच्या तरी खिशात जाणार आहे, शेवटच्या पाचांपैकी एक म्हणून. "गुडघ्याच्या उंचीवर" लिहिणारा माणूस मला कधी भेटणार नाही, पण त्याच्यामुळे आज अण्णांना ओल्या मातीत वाकावं लागलं नाही. म्हणून बरणीच्या नोंदीत वही कोरडी असल्याचं लिहिलं, जागा मात्र फोडली नाही. वणव्यातल्या कॅशखाली वाऱ्याबद्दल दोन वाक्यं. कुंपणाच्या खांबाखाली तुटलेल्या तारेचं नीट वर्णन आणि लपवणाऱ्याला दुरुस्तीची सूचना.

"तार कुठल्या बाजूची ते लिहिलंस का?" अण्णांनी पाठीमागून विचारलं.

लिहिलं नव्हतं. उत्तरेकडची, असं वाढवलं आणि नोंद पाठवून दिली.