जठरभित्तीत दडलेला कर्करोग

न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या माणसे ऐन तारुण्यात जठराच्या कर्करोगाने दगावत, त्याचे मूळ सीडीएच-१ या जनुकातील दोषात आहे, हे त्या कुटुंबाच्याच पुढाकारामुळे ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. हा रोग गाठ न धरता, मुद्रिकेसारख्या दिसणाऱ्या विखुरलेल्या पेशींच्या रूपाने अंतस्त्वचेखाली पसरत असल्याने, दुर्बिणीतून जठर निकोप दिसले आणि ठिकठिकाणचे तुकडे तपासूनही काही हाती लागले नाही, तरी निर्धास्त राहता येत नाही. म्हणून हा दोष वारशाने आलेल्यांना बहुधा विशी-तिशीतच संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला देतात. वेदनेचा मागमूसही नसताना असा निर्णय घेणे किती दुष्कर! पुढे थोडेथोडे, वारंवार खाणे व ब-१२ जीवनसत्त्व आजन्म बाहेरून घेणे क्रमप्राप्त होते. याच दोषामुळे स्तनांच्या कर्करोगाचाही धोका वाढत असल्याने स्त्रियांना स्तनांची एमआरआय तपासणीही दरसाल करावी लागते.