रिक्षावाला ‘ग्राहक’ नाही काय?

पावसाळ्याच्या तोंडावर वरणगावचा एक तरुण प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आला. वरणगावला आयुध निर्माणी आहे, शेजारी भुसावळला रेल्वे आहे, दीपनगरला वीज केंद्र आहे. पण त्यांच्या फाटकाच्या आत जागा मिळते ती थोड्यांना. बाहेर राहिलेल्या आमच्या पोरांनी महामार्गालाच रोजगार मानले. कोणी भुसावळच्या सवाऱ्या नेतो, कोणी भाजीपाला वाहतो, कोणी केळी. हा तरुण त्यांपैकीच एक. आईचे दागिने मोडून त्याने डाऊन पेमेंट भरले, उरलेल्या रकमेचे फायनान्स काढले आणि नवी कोरी तीनचाकी मालरिक्षा दारात आणली. वस्तीत पेढे वाटले.

तिसऱ्या आठवड्यातच इंजिन तापू लागले. माल भरला की चढावर गाडी थांबे, धूर सोडे. चार महिन्यांत सहा वेळा ती वर्कशॉपला गेली. दर वेळी आठवडा-आठवडा उभी राहिली आणि दर वेळी ‘आता काही होणार नाही’ म्हणून परत मिळाली. तो आम्हांला म्हणाला, “वकीलसाहेब, गाडी वर्कशॉपात उभी राहते, पण हप्ता काही उभा राहत नाही.”

आम्ही नोटीस पाठविली. शोरूमवाल्यांच्या वकिलांचे उत्तर आले, अगदी चार ओळींचे. आपल्या अशिलाने गाडी धंद्यासाठी घेतली आहे, सबब तो कायद्याने ‘ग्राहक’ नाही, सबब त्याला दाद मागता येणार नाही!

वाचकहो, हे उत्तर नवे नाही. गाडी रिक्षा असो, टेम्पो असो की टॅक्सी, गरिबाने तक्रार केली की हेच छापील उत्तर येते. आणि आमचा माणूस ते वाचून गप्प बसतो, कारण उत्तर वकिलाच्या लेटरहेडवर आलेले असते. म्हणूनच या उत्तरात खरे किती आणि खोटे किती हे नीट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

१९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा आला, तेव्हा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा माणूस त्यातून वगळला होता. म्हणजे मौजेसाठी मोटार घेणाऱ्या शेटजीला संरक्षण, आणि पोटासाठी रिक्षा घेणारा बाहेर! सात वर्षे हे चालले. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात एक स्पष्टीकरण जोडले गेले: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर हा व्यापारी वापर मानला जाणार नाही. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(७) मध्येही हे स्पष्टीकरण कायम आहे.

त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सोपा करून सांगितला. ट्रक घेऊन जो स्वतः चालवतो तो ग्राहक. मदतीला एखाद-दोन माणसे घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पण रिक्षा घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली, तर तो ग्राहक नाही. प्रश्न गाडीच्या पिवळ्या नंबरप्लेटचा नाही, स्टिअरिंगवर कोण बसतो याचा आहे. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे की ही गाडी मी स्वतः चालवतो, माझे कुटुंब हिच्यावरच जगते. सोबत लायसन्स, बॅज आणि रेशनकार्ड जोडावे. हे वाक्य राहून गेले म्हणून फेटाळल्या गेलेल्या तक्रारी आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांत चूक कंपनीची नव्हती, आम्हा वकिलांची होती.

मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली. व्यवहार व्यापारी कारणासाठी होता असे जो म्हणतो, त्यानेच ते आधी सिद्ध करायचे. ते प्रकरण सेवेचे होते, पण तत्त्व रिक्षावाल्यालाही तितकेच लागू पडते. नोटिशीच्या उत्तरात नुसते ‘धंदा’ लिहून सामनेवाला सुटत नाही.

आणि पुढच्याच जुलै महिन्यात काय झाले पाहा. पुण्याच्या डेमलर क्रायस्लर कंपनीने एका कंपनीला मर्सिडीज विकली होती. संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या त्या गाडीचा मधला भाग फार तापतो अशी तक्रार होती. मोटार कंपनीचा बचाव तोच, की खरेदीदार कंपनी आहे, सबब वापर व्यापारी. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भरपाई मान्य केली. आमचे त्या संचालकांशी भांडण नाही, त्यांना न्याय मिळाला हे चांगलेच झाले. पण मर्सिडीज तापली तर खरेदीदार ग्राहक आणि वरणगावची मालरिक्षा तापली तर तो व्यापारी, हा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला आहे?

आता दुसरी लढाई, दोष सिद्ध करण्याची. इथे भावनेचा उपयोग नाही, कागद लागतो. त्या तरुणाच्या पिशवीत सहापैकी चारच जॉबकार्डे निघाली, आणि चारही कार्डांवर तक्रारीच्या रकान्यात लिहिले होते ‘जनरल चेकअप’! इंजिन तापते, गाडी चढत नाही, यातला एक शब्दही नाही. त्याने तोंडाने सांगितले, काउंटरवरच्या माणसाने आपल्या सोयीचे लिहून घेतले, याने सही केली. उद्या आयोगापुढे सामनेवाला म्हणेल की गाडी फक्त नेहमीच्या तपासणीला आली होती. बंधूंनो, सही करण्याआधी तो रकाना वाचा. तिथे तुमच्या तक्रारीचे शब्द नसतील तर तुमच्या हाताने लिहा आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

गाडीत निर्मितीचाच दोष आहे असे म्हटले की बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. त्याची फी मात्र तक्रारदाराला भरावी लागू शकते. काही वेळा दोष इतका उघड असतो की न्यायालय ग्राहकाकडून इंजिनिअरिंगची अपेक्षा धरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईच्या खटल्यात अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. धडकेच्या वेगाचे गणित मांडून बसायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा अर्थाचे बोल न्यायालयाने कंपनीला सुनावले. त्याही आधी, २००४ मध्ये मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात सदोष मोटार नवी म्हणून विकणे लाजिरवाणे असल्याचे याच न्यायालयाने म्हटले होते.

पण दर वेळी नवी गाडीच मिळेल या भ्रमात कोणी राहू नये. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात क्लचचा दोष होता. वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही, असे सांगून न्यायालयाने नवी गाडी देण्याचा आदेश रद्द केला. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये असा कायदा केला की ठरावीक प्रयत्नांत गाडी दुरुस्त झाली नाही, तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. पुढे सर्व राज्यांनी तो मार्ग धरला. अशा गाडीला तिकडे ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आले, पण त्यात एकाच प्रकारच्या पुष्कळ गाड्यांत धोक्याचा दोष असेल तर सरकार त्या परत मागवते. एकट्याच्या रिक्षेसाठी ते धावून येत नाही.

सामनेवाला कोणाला करायचे, यातही लोक फसतात. गोव्यात एका ग्राहकाला डीलरने २०११ चे मॉडेल म्हणून २००९ ची गाडी दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले, कारण डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते. म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणी काय केले ते वेगवेगळे लिहावे. मागणीही पूर्ण लिहावी. २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने दिलेली २५ लाखांची दंडात्मक भरपाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण तक्रारदाराने ती मागितलीच नव्हती. बुडालेली रोजची कमाईसुद्धा तारीखवार लिहून मागावी लागते.

हप्त्यांचा प्रश्न सर्वांत कठीण. फायनान्सचा करार वेगळा असतो, त्यामुळे गाडी बंद आहे म्हणून रागाने हप्ते थांबवले तर गाडी ओढून नेण्याचे निमित्त मिळते. फायनान्सवाल्यांना लेखी कळवावे आणि तक्रारीबरोबरच कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागावा. तो मिळेलच असे नाही. मात्र वसुलीला गुंड पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे.

खर्चाचे भय तर मुळीच बाळगू नये. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पूर्वी सामनेवाला जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे जावे लागे. आता राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी जळगावला, तक्रार चालते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आणि वकील हवाच असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीत बौद्धही येतात. तालुक्याच्या विधी सेवा समितीत या कलमाखाली ग्राहक तक्रारीसाठी किती रिक्षावाले जातात? आम्हांला तरी आजवर एकही भेटलेला नाही.

याचा दोष केवळ व्यवस्थेवर ढकलणे आम्हांला पटत नाही. आम्ही कार्यकर्ते तहसीलवर मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो छापून आणतो. पण पोराच्या शेजारी बसून त्याचे जॉबकार्ड वाचायला आमच्यातल्या कोणाला वेळ आहे? १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले महामंडळाच्या कर्जासाठी अर्ज भरून देणारे कार्यकर्ते गावोगाव आहेत. त्या कर्जावर घेतलेली गाडी बिघडली की मात्र पोरगा एकटा पडतो.

त्या तरुणाची तक्रार जळगावला दाखल आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात चौथी तारीख पडली आहे आणि सामनेवाल्याने कैफियत दिली आहे, त्यात पहिला मुद्दा तोच, ‘तक्रारदार ग्राहक नाही’. गाडी तपासणीला पाठवण्याचा आमचा अर्ज पुढच्या तारखेला सुनावणीस आहे. दरम्यान तो तरुण दुसऱ्याची रिक्षा रोजाने चालवतो आणि स्वतःच्या गाडीचा हप्ता भरतो. सातव्या वेळी त्याने जॉबकार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘इंजिन तापते, माल घेऊन चढत नाही’, आणि काउंटरवरच्या माणसाची सही घेऊन त्याची प्रत आम्हांला आणून दिली.