पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

चिकित्सालयाच्या फलकावर वैद्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असतो, तो रुग्णांच्या सोयीसाठी. त्याच क्रमांकाचा उपयोग भामटेही करू लागले आहेत. फोन करणारा आपण लष्करी अधिकारी असल्याचे अदबीने सांगतो. तुकडीतील वीस-पंचवीस जवानांची तपासणी करावयाची आहे, शुल्क आगाऊ देतो, असे म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचे छायाचित्र येते. मग ‘लष्कराची पैसे देण्याची रीत निराळी आहे’ अशा सबबीवर एक क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून प्रथम एक रुपया पाठवावयाचा. तो दुप्पट होऊन परतही येतो! पुढच्या कोडवर मात्र पाच आकडी रक्कम असते.

येथे नेमके काय घडते, हे व्यवसायबंधूंनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. क्यूआर कोडमध्ये पैसे कोणाच्या खात्यात जावयाचे तो पत्ता असतो. कधी रक्कमही आधीच भरलेली असते. तो स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. यूपीआय पिन ही आपल्या खात्यातून रक्कम काढण्यास दिलेली संमती होय. आपल्या मेजावरील कोड रुग्ण स्कॅन करतो, पिनही तोच टाकतो आणि पैसे आपणांस मिळतात. हा रोजचा अनुभव त्या क्षणी विसरला जातो.

पूर्वी पैशांची मागणी धाडूनही फसवीत असत. व्यक्ती-व्यक्तींमधील अशी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. कोडची युक्ती मात्र उरली आहे.

धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशाने घडणाऱ्या अहितकर कर्मास चरकाचार्यांनी प्रज्ञापराध म्हटले आहे. भामटा नेमका ह्या तिन्हींवर घाला घालतो. निराळ्या नियमांच्या गोष्टीने बुद्धी गोंधळवितो, घाई करून धैर्य सुटावयास लावतो आणि पिन कशासाठी असतो याची आठवण पुसतो. जवानांविषयीचा आपला आदर त्याच्या कामी येतो, ही त्यातील सर्वांत संतापजनक बाब. म्हणून अशा वेळी फोन ठेवावा व ‘शुल्क तपासणीच्या वेळी येथेच घेऊ’ असे कळवावे. खरा रुग्ण येतोच.

तरीही रक्कम गेलीच, तर ती आत्ययिक अवस्था समजावी. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविला जातो. तो मध्येच गोठविता आला तरच परत मिळण्याची आशा. तेव्हा संकोच न करता तत्काळ १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावावा आणि बँकेसही कळवावे. बँकेचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यास तेथेही भामट्यांनी पेरलेले क्रमांक सापडतात. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी, संभाषण पुसू नये. आपल्या अनुपस्थितीत फोन घेणाऱ्या मदतनिसासही हे सारे आजच सांगून ठेवावे.