बोटात अंगठी अडकली तर...

मागच्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीच्या बोटात जत्रेतली अंगठी अडकली. मैत्रिणींनी ओढून ओढून बोट लाल केलं होतं. ओढल्याने सूज वाढते आणि अंगठी आणखी घट्ट बसते, हे मुलांना कुठून माहीत असणार! अंगठी दहा रुपयांची, पण ‘कापू नका’ म्हणून रडणं चालू.

आधी तिला हात डोक्याच्या वर धरायला लावला, मग गार पाण्यात बुडवला. साबण लावून अंगठी गोल फिरवत सरकवली, तर सांध्यापाशी अडली. शेवटी दोरा काढला. जाडसर घ्या, बारीक दोरा काचतो. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढायचं. उरलेला दोरा अंगठीला लागून सांध्याच्या पुढेपर्यंत चिकटून चिकटून गुंडाळायचा. मग तळहाताकडचं टोक नखाच्या दिशेने ओढत वेढे सोडवायचे. एकेक वेढा सुटतो, तशी अंगठी पुढे येते. दोऱ्याने सूज दाबली जाते, एवढंच त्यातलं विज्ञान.

मात्र बोट निळं किंवा पांढरं पडलं, बधिर झालं, जखम असली, तर दोऱ्याच्या नादी लागू नका. सरळ दवाखान्यात न्या आणि अंगठी कापू द्या. मूल कितीही रडलं तरी.