फराळाचं ताट आणि ‘अजून एक घ्या’चा आग्रह

दिवाळीत पोट बिघडलं की आपण जिभेला दोष देतो. माझ्या मते खरा दोष ताटाच्या रचनेत आहे. बेसनाचा लाडू खाल्ला की तोंड गोडमिट्ट होतं, दुसरा नकोसा वाटतो. पण शेजारीच चिवडा असतो, त्यातला तळलेला खोबऱ्याचा काप आणि कढीपत्ता खुणावतो. चार घास तिखट झाले की पुन्हा करंजीकडे हात जातो. 1981 मध्ये संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं: खाल्लेल्या पदार्थाचाच कंटाळा येतो, वेगळ्या चवीची भूक तशीच राहते. आपलं फराळाचं ताट म्हणजे गोड-तिखटाची न संपणारी फेरी.

शिवाय फराळ दिसतो थोडा, असतो भारी. तळलेल्या, भाजलेल्या पदार्थांत पाणी जवळजवळ नसतं, म्हणून पोट भरल्यासारखं वाटत नाही. मध्यम आकाराचा एक बेसनलाडू साधारण दोन फुलक्यांएवढी ऊर्जा देतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर बशी रिकामी होऊन पुन्हा भरलेली असते.

पूर्वी अभ्यंगस्नानानंतरचा फराळ हीच सकाळची न्याहारी असे. आता न्याहारी, जेवण, चहा सगळं जागच्या जागी आणि फराळ वरून. तो जेवणाऐवजी घेतला, तर अर्धा प्रश्न सुटतो. पाहुणे म्हणून गेल्यावर एक गोड, एक तिखट एवढंच उचलावं, सावकाश खावं. घरी डबे ओट्यावरून हलवून फडताळात ठेवावेत. येता-जाता घेतलेली मूठभर शेव कुणाच्याच हिशेबात येत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र फराळाची भरपाई म्हणून मनानेच जेवण टाळू नये, साखर एकदम उतरू शकते. त्यांनी सणाआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

पण सगळा भार खाणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. “घरचंच आहे हो, एकाने काय होतंय?” म्हणत आपण नको म्हणणाऱ्याच्या बशीत करंजी ठेवतो. पाचव्या घरी पोचलेल्या काकांना तीही संपवावी लागते, कारण अन्न टाकवत नाही. भाऊबीजेपर्यंत हे चालतं. यंदा बशा भरून समोर ठेवू नका. डबे मधोमध ठेवा, ज्याचं त्याला वाढून घेऊ द्या, आणि पाहुण्याने “पुरे” म्हटलं की ते पहिल्यांदाच ऐका.