कालव्याचा भराव आणि अडकलेल्या नौका

कालवा म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें पाण्याची पाळी, पाटकरी आणि उसाचा फड उभा राहतो. कालव्यावरून नौका चालतात ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचयाची नाहीं. इंग्लंडांतील कालवे मात्र बहुतेक शेतीसाठीं नव्हे, तर मालाच्या वाहतुकीसाठींच खणले गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोळसा, मीठ, मातीचीं भांडीं असा माल घोड्यांनीं ओढलेल्या नौकांतून तेथें जात असे. आगगाडी व मोटार आल्यावर ती वाहतूक जवळजवळ संपली. आज त्या पाण्यावर सहलीच्या नौका फिरतात आणि हजारों माणसें नौकेंतच बिऱ्हाड करून राहतात. या नौका बहुधा सात फूट रुंद व फार तर सत्तर-बहात्तर फूट लांब असतात. अशा कालव्याचा भराव फुटून तो दुरुस्तीसाठीं बंद झाला म्हणजे या लोकांवर कोणता प्रसंग येतो व ते त्यांतून कसे पार पडतात, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशचा खरा; परंतु मातीचा भराव सर्व देशांत सारख्याच कारणांनीं फुटतो, म्हणून आपणांसही त्यांत घेण्याजोगें पुष्कळ आहे.

प्रथम भराव कसा टिकतो व कसा फुटतो तें पाहूं. सखल जमिनीवरून किंवा नदीनाल्यावरून कालवा नेतांना त्यास मातीचा उंच भराव घालावा लागतो. जुन्या इंग्रज कारागिरांनीं चिकणमाती पाण्यांत कालवून व तुडवून तिचा जाड थर कालव्याच्या तळास व कडांस बसविला. हा थर ओला आहे तोंपर्यंत त्यांतून पाणी फारसें झिरपत नाहीं. परंतु तो सुकला तर तडकतो, झाडांच्या मुळांनीं भेदला जातो, किंवा बिळें करणारीं जनावरें त्यास पोखरतात. मग बारीक पाझर सुरू होतो. पाझराचें पाणी स्वच्छ असेल तर उपायास अवसर असतो. तेंच गढूळ येऊं लागलें, म्हणजे आंतली माती वाहून चालली असें खुशाल समजावें. भोंक आंतल्या आंत मोठें होत जातें आणि एके दिवशीं सारा भराव खचतो. दुसरा प्रकार पाणी माथ्यावरून वाहण्याचा. मातीच्या भरावास पोटाशीं असलेलें पाणी सोसतें, पण डोक्यावरून गेलेलें सोसत नाहीं. तें बाहेरचा उतार खात खात आंत येतें आणि थोड्या वेळांत भगदाड पाडतें.

या दुसऱ्या प्रकाराचें ठळक उदाहरण सन २०१८ च्या मार्च महिन्यांत चेशायर परगण्यांत घडलें. तेथील श्रॉपशायर युनियन कालव्याची मिडलविच शाखा सुमारें दहा मैल लांब असून ती सन १८३३ मध्यें खुली झाली. तिच्यावर ठिकठिकाणीं लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली कोठडी. तींत पाणी भरून वा सोडून नौका वर चढवितात अथवा खालीं उतरवितात. या दरवाजांच्या झडपा नौकेंतील माणसेंच उघडतात, आणि काम होतांच त्या बंद करणें हेंही त्यांचेंच कर्तव्य असतें. त्या रात्रीं झडपा उघड्या राहिल्या, नको तितकें पाणी एका टप्प्यांत उतरलें, तें काठावरून वाहूं लागलें आणि व्हीलॉक नदीजवळचा भराव वाहून गेला, असें कालव्याची व्यवस्था पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेनें त्या वेळीं सांगितलें. सुमारें वीस नौका अडकल्या. दुरुस्तीचा खर्च सुमारें तीस लक्ष पौंडांच्या घरांत गेला आणि कालवा डिसेंबरांत पुन्हां चालू झाला. एका रात्रीचा निष्काळजीपणा आणि नऊ महिन्यांचा दंड!

भगदाड पडतांच पहिलें काम उरलेलें पाणी अडविण्याचें. या कालव्यांवर पुलाखालीं पात्र मुद्दाम अरुंद ठेविलेलें असतें व दोहों बाजूंच्या भिंतींत खांचा असतात. त्यांत लाकडी फळ्या एकावर एक सोडल्या कीं तात्पुरता बांध तयार होतो व नुकसान एका टप्प्यापुरतें राहतें. इकडे नावाड्याचें काम निराळें. पाणी उतरत असतां दोरी ताठ राहिली तर नौका एका अंगास लटकते व कलंडते, म्हणून तो प्रथम दोर सैल करितो. नौका गाळावर टेकली कीं शेगडी व गॅस बंद करून माणसांनीं काठावर उतरावें, हाच शहाणपणाचा मार्ग होय. पुढें त्या टप्प्यांत बांध घालून, पंपानें पाणी भरून नौका तरंगवितात व एक एक करून सुरक्षित जागीं नेतात. कोरड्या पडणाऱ्या भागांतील मासेही धरून दुसरीकडे सोडतात.

खरी कसोटी पुढील महिन्यांची. नौका हेंच ज्यांचें घर, त्यांस पिण्याचें पाणी, कोळसा, तेल व मैला टाकण्याची जागा हीं सर्व ठराविक ठिकाणींच मिळतात. मार्ग बंद झाला कीं कोणी पाण्याच्या नळापासून तुटतो, तर कोणी नोकरीच्या गांवापासून. कायमचा धक्का नसलेल्या नौकेनें एका जागीं सलग चौदा दिवसांहून अधिक राहूं नये, असा सन १९९५ च्या कायद्याचा नियम आहे. मात्र परिस्थितीनें भाग पडल्यास अधिक काळ राहण्याची सोय त्याच नियमांत आहे. वळसा घालूं म्हटलें तरी तो लहान नसतो. मिडलविच शाखा ही ११० मैलांच्या एका वर्तुळाकार जलमार्गाचा भाग आहे. तिच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास दहा मैलांऐवजीं उरलेल्या शंभर मैलांच्या फेऱ्यानें जावें लागतें, आणि वाटेंत सुमारें नव्वद लॉक उघडावे-मिटावे लागतात. माणसाच्या चालीनें जाणाऱ्या नौकेस ही आठवड्याहून कमी मजल नव्हे.

मग दुरुस्तीस इतका काळ कां लागतो? भराव बहुधा शेतांच्या मधोमध असतो. तेथें अवजड यंत्रें नेण्यास आधीं रस्ता करावा लागतो, त्यासाठीं शेजारच्या जमिनींतून वाट मिळवावी लागते. खचलेली माती काढून घट्ट जमिनीपर्यंत जावें लागतें. नवी माती थराथरानें घालून प्रत्येक थर दाबावा लागतो. एकदम ओतलेली माती पुढें बसते व नवा पाझर काढते. घाई केली तर काय होतें, हें सांगावयास नकोच. सन २००७ च्या ऑक्टोबरांत वेल्समधील मॉनमथशायर व ब्रेकन कालवा गिल्वर्न येथें फुटला, तो संपूर्ण खुला होण्यास सन २००९ चा मार्च उजाडला. आणि ७ सप्टेंबर १९४५ रोजीं लँगोलन गांवाजवळ कालवा फुटून त्यानें खालच्या आगगाडीच्या रुळांचा भराव धुऊन नेला. पहाटेची गाडी त्या खळग्यांत कोसळून तिचा चालक मरण पावला. भराव फुटणें ही केवळ गैरसोय नव्हे, प्राणावरची गोष्ट आहे.

म्हणूनच तेथें दरवर्षीं हिवाळ्यांत, वाहतूक कमी असतां, कालव्याचे निरनिराळे टप्पे दुरुस्तीसाठीं बंद ठेवितात व त्यांची यादी आगाऊ प्रसिद्ध करितात. नावाडी ती वाचून आपला मुक्काम ठरवितो, कोळसा व पाणी भरून घेतो. ठरवून केलेल्या बंदीची तो कुरकुर करीत असेल. पण ती सोसतां येते. न सांगतां आलेली बंदी सोसवत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. त्याच सन २०१८ मध्यें, २७ सप्टेंबर रोजीं, पुण्यांत दांडेकर पुलाच्या परिसरांत मुठा उजवा कालवा फुटला व अनेक गरीब कुटुंबांचे संसार पाण्यांत गेले. उंदीर, घुशी व खेकडे यांनीं भराव पोखरल्याचें कारण तेव्हां पुढें करण्यांत आलें. हाच कालवा पुढें हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांच्या शेतांस पाणी देतो. अर्थात् शहरांत फुटलेल्या भरावाचा घाव दूरच्या उभ्या पिकासही लागतो.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, आपल्या शेताजवळून जाणाऱ्या भरावाच्या पायथ्याशीं पाण्याची पाळी चालू असतां फेरी मारावी, आणि गढूळ पाझर, नवें बीळ किंवा खचलेला माथा दिसल्यास त्याच दिवशीं कळवावें. दुसरी, आपली पाळी संपतांच दार स्वतः उभें राहून बंद करावें. मिडलविचची झडप विसरूं नये. तिसरी, दुरुस्तीसाठीं कालवा बंद ठेवणार असें कळल्यास नुसती तक्रार करूं नये, तर पाणीवापर संस्थेमार्फत तारखा आगाऊ मागून घ्याव्या, त्याप्रमाणें लागवड व विहिरीचें पाणी राखावें, आणि ठरल्या दिवशीं काम पुरें होतें कीं नाहीं यावर नजर ठेवावी. पाण्याची एक पाळी चुकली तर पीक कोमेजेल, तें कदाचित् सांवरेलही. परंतु भराव गेला तर सारा हंगाम जातो, आणि खालच्या वस्तींतील माणसाचें घर जातें. तें आपल्या हिशेबाच्या वहींत कधींच जमा होत नाहीं, म्हणूनच त्याची काळजी अधिक वाहिली पाहिजे.